मोहन्याच्या बिअर कारखान्याचा एक फोटो

बंद पडलेल्या कारखान्यांवर लिहिते म्हटलं की लोक "कशाला?" विचारतात. बिअरच्या कारखान्यावर म्हटल्यावर तर हसलेच. "सॅम्पल मिळालं तर घेऊन ये," एवढाच काय तो नवऱ्याचा पाठिंबा. मोहन्याच्या पुढे, नदीच्या अंगाला हा कारखाना होता. पाडून बरीच वर्षं झाली आणि त्याबद्दल कुठे धड चार ओळी सापडत नाहीत. म्हणून दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी स्कूटर काढली. जुनी माणसं भेटतील, फोटो मिळतील, एक खुसखुशीत पोस्ट होईल, अशी माझी कल्पना.

ठाकुर्लीहून नव्वद फुटी रस्त्याने पत्रीपूल, मग कल्याण ओलांडून शहाड आणि पुढे मोहने. जाणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि तोंडाला फडकं बांधा, धूळ अशी की दातांखाली करकरते. नाक्यावर वडापाव बरा मिळतो. कारखान्याच्या जागी मात्र बघण्यासारखं काही म्हणजे काही नाही. पत्र्याचं कुंपण, त्यावर स्विमिंग पूलवाल्या टॉवरचं चित्र आणि फोटो काढू न देणारा वॉचमन.

तिथून दोन गल्ल्या मागे भोईरकाका राहतात. बाटल्या भरायच्या लाइनवर त्यांची उमर गेली. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून फोटो काढले. सगळे खंडेनवमीचे. यंत्रांना झेंडूचे हार, पुढे नारळ, मागे कामगार दाटीवाटीने उभे. आणि प्रत्येक फोटोत वरची कंपनीची पाटी कात्रीने कापलेली.

"दारूचे कंपनीत हाव असा कोनाला सांगाचा?" काका म्हणाले. "पोरींची लग्ना जमवाची व्हती, बाय. कोनी इचारला का केमिकल कंपनी सांगाचू."

मी हसले. मग बोलता बोलता टाक्या धुणाऱ्या सुदामचा विषय निघाला. बिअर आंबते त्या टाक्या आतून धुवायला माणूस उतरायचा. तळाशी वायू साचतो, त्यात ज्योत विझते आणि माणूसही.

"आधी मेनबत्ती सोराची. इझली का उतराचा नाय. त्या दिशी सायबाला घाई व्हती. मेनबत्ती कोनी सोरलीच नाय. सुदाम उतरला नं वर आलाच नाय."

त्याची बायको, कांतामावशी, विठ्ठलवाडीला राहतात, असं काकांनी सांगितलं. मी खंडेनवमीचे सगळे फोटो मागून घेतले. एवढ्या गर्दीत तोही असणारच, मावशींना बरं वाटेल, असं मनात होतं.

कांतामावशींची खोली स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली स्वच्छ पुसलेला ओटा. मी "जय भीम" म्हटलं, त्यांनी चहा टाकला. मग चष्मा लावून एकेक चेहरा बोटाने बघत गेल्या. भोईर ओळखला, आणखी दोघं-तिघं ओळखले. शेवटचा फोटो खाली ठेवला.

"ह्यात कसे असतील ताई? दरवर्षी खंडेनवमीच्या आधीच आम्ही नागपूरच्या गाडीत बसायचो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर. पूजेच्या फोटोत ते कधी उभेच राहिले नाहीत."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पूजेला सगळे असतात, हे आमच्या घरात इतकं ठरलेलं की कोण नसेल असा प्रश्नच मला पडला नाही. घरात दुसरा एखादा फोटो असेल, म्हणून विचारलं.

लग्न गावाकडे झालेलं, तिथे कोण फोटो काढणार? गेटपासावर एक फोटो होता, तो पास कंपनीने काढून घेतला. "नातू विचारतो, आजोबा कसे दिसायचे," मावशी म्हणाल्या. "मी सांगते, उंच होते, सावळे होते. पण खरं सांगू? मला त्यांचा चेहराच आठवत नाही आता. एकदा दिसला असता तर बरं होतं." मी शोधते म्हणाले. अशा वेळी दुसरं काय म्हणतात?

रविवारी ठाण्याला. मोठागावहून माणकोलीचा पूल घ्या, अर्धा वेळ वाचतो. कोलबाडमध्ये प्रधानकाका राहतात, कारखान्याचे ठरलेले फोटोग्राफर; नंबर भोईरकाकांनी दिला. ठाण्यात आलात तर मिसळ खा म्हणून लिहिणार होते, पण मी ती अर्धी टाकली, कारण फोनवरच ते म्हणाले होते, "सुदामचा आहे एक. पण तो तसला आहे."

तसला म्हणजे विम्यासाठी काढलेला. टाकीच्या बाजूला ताडपत्रीवर निजवलेला माणूस, ओले केस, तोंड किंचित उघडं. चेहरा मात्र लख्ख.

"हा त्यांना देऊ नका," काका म्हणाले. "आमची सून करून देईल. हल्ली डोळे उघडता येतात, सदरा बदलता येतो. कित्येक घरांत असेच फोटो लागलेत."

सुनेने लॅपटॉपवर खरंच केलं. डोळे उघडे, केस कोरडे, ओठांवर जरासं हसू, अंगात पांढरा शर्ट. मला हायसं वाटलं. प्रिंट घेतली, मूळ फोटो पाकिटात टाकला आणि तशीच विठ्ठलवाडी गाठली.

मावशींनी प्रिंट उजेडात धरली. बराच वेळ बघितलं. मग माझंच मन राखायला म्हणाल्या, "माणूस चांगला दिसतोय. पण हे नाहीत ते."

माझा हात पाकिटाकडे गेला. त्यांनी माझ्या पर्सकडे बघितलं. "दुसरा आहे ना?"

द्यायचा नाही असं ठरवलं होतं. दिला. त्यांनी पदराने फोटोवरची नसलेली धूळ पुसली. रडल्या नाहीत. "हे," म्हणाल्या. "हेच." मग पदराचं टोक त्या ओल्या केसांवरून फिरवत राहिल्या आणि मला तिथे बसवेना.

घरी येऊन आठवडा झाला. पाटी कापलेले फोटो खाली दिले आहेत. सुदामचा नाही, तो मावशींचा आहे. खुसखुशीत पोस्ट काही झाली नाही. कारखान्याचा इतिहास लिहायला गेले आणि परत आल्यापासून त्या न सोडलेल्या मेणबत्तीचा राग डोक्यातून जात नाही.

काल मावशींना फोन केला. बऱ्या आहात का विचारलं.

"चेहरा आला परत," त्या म्हणाल्या. "पण डोळा लागला की तसेच येतात. तोंड उघडं."

मी घाबरून म्हणाले, "मावशी, मी येते आणि तो फोटो घेऊन जाते."

"नको," त्या म्हणाल्या. "तेवढेच आहेत."