भिंतीवरचा मोर

घरी फरशीच्या फटींत पांढरं सिमेंट भरायचं काम चाललंय, आणि त्या ओल्या वासानं मला सांगलीतला एका कारखानदाराचा महाल आठवला. उंच घुमट, रंगीत काचांच्या कमानी आणि सागवानी जिना असलेला तो महाल वारसांनी लोकांना बघायला खुला केला, तेव्हा मी आईला कुंडलहून मुद्दाम घेऊन गेलो होतो. माझ्या जन्माआधी तो बांधला जात असताना ती तिथं गवंड्यांच्या हाताखाली कामाला होती. दिवाणखान्याच्या भिंतीवर चिनीमातीच्या तुकड्यांचा भला मोठा मोर होता. माहिती सांगणारा तरुण म्हणाला, "हा मोर परदेशी कारागिरांनी केलेला आहे." आई पुढं झाली. "न्हाई बाळा, ह्यो आमी चौघींनी पांढऱ्या सिमिटात बसवलाय. त्याच्या डोळ्यात माज्या बांगडीची काच हाय." लोक हसले. तो तरुण म्हणाला, "आजी, जरा मागं उभ्या राहा." मी तिचा दंड धरला आणि हळूच म्हणालो, "आई, चल, उगाच काहीतरी बोलू नकोस." ती माझ्याबरोबर बाहेर आली. एसटीत बसल्यावर तिनं विचारलं, "तुलाबी खोटं वाटलं व्हय रं?" मी कंडक्टरकडं वळून दोन तिकिटं मागितली. त्यानंतर तिनं मोराचा विषय कधीच काढला नाही, आणि गेल्या वर्षी ती गेली. ती खरं बोलत होती हे मला माहीत होतं. माझ्या लहानपणी तिनं मला त्या मोराबद्दल कितीदा सांगितलं होतं. पण चांगल्या कपड्यांतल्या त्या लोकांसमोर मला मजूर बाईचा मुलगा म्हणून उभं राहायचं नव्हतं.