उद्योगाला हरकत नाही

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याची मंडळी मला बघायला तंजावरला आली, तेव्हा मी एका कॉलेजात टायपिस्ट होते. अप्पांनी त्यांना एकच गोष्ट विचारली. लग्नानंतर मुलीनं उद्योग केला तर हरकत नाही ना? होणाऱ्या सासूबाई खुशीत म्हणाल्या, "हरकत कसली, आम्हाला हवंच आहे." राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत अप्पा आठवडाभर सांगत फिरले, की पुण्याची माणसं फार सुधारलेली.

आमच्या घरात उद्योग म्हणजे नोकरी. तमिळमध्ये तसंच म्हणतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते ऐकून आमच्या मराठीतही तोच अर्थ मुरला होता. मुलाच्या घरी मसाल्याचं काम चालतं हे ठाऊक होतं, पण त्याला आम्ही व्यापार म्हणत होतो.

साखरपुड्यानंतर मी एसटीडी बूथवरून होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. पुण्यात कुठल्या ऑफिसात अर्ज करू, एवढंच विचारायचं होतं.

"ऑफिस कशाला?" ते म्हणाले. "घरचा उद्योग आहे की. नवी यंत्रं घेतलीत. तुझ्या वडिलांनीच विषय काढला, म्हणून आईनं पॅकिंग तुझ्यावर सोपवायचं ठरवलंय."

त्या काचेच्या खोक्यात पंखा नव्हता. बाहेर माणसं ताटकळत उभी होती. मी बरं म्हणून फोन ठेवला.

घरी मी सगळं सांगितलं. अम्मा म्हणाली, पत्रिका वाटून झाल्यात. मी म्हटलं, मला नोकरी करायची आहे.

"मी उद्योग म्हणालो, तेही उद्योगच म्हणाले," अप्पा म्हणाले. "खोटं कुणीच बोललं नाही गं. मग लग्न मोडू तरी कशावरून?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून मी त्यांना नोकरीचं बोलले. ते रागावले नाहीत. पहिलं वर्ष जाऊ दे, मग बघू, म्हणाले.

लग्न झालं. सासूबाईंनी पिशव्या बंद करायचं यंत्र माझ्यापुढे ठेवलं आणि शेजारणींना कौतुकानं सांगितलं, "हिला उद्योगाची फार हौस." त्या वाईट असत्या तर भांडता आलं असतं. त्या जेवताना माझ्या पानात आधी वाढायच्या. दुपारपर्यंत मिरचीनं माझे डोळे लाल होऊन वाहू लागत, आणि त्या पाण्याचं कारण मला कुणी कधी विचारलं नाही.