स्पॅनिश सिनेमाला वन्स मोअर

अर्धांगवायूच्या झटक्यात बाबांची वाचा गेली आणि रायपुरात ज्याला त्याला वैद्यकी सुचू लागली. मी सगळं केलं. मध चाटवला, शंख फुंकायला दिला, देवाला साकडं घातलं. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं यायचं तर लवकर येईल; उशीर झाला तर फार आशा ठेवू नका. दिवस भराभर जात होते आणि मला वेड लागायची पाळी आली होती.

रेल्वेतली नोकरी सांभाळून बाबांनी गणेशोत्सवातल्या संगीत नाटकांना जन्मभर पेटीची साथ केली. त्यामुळे शंकर नगरात, माझ्या ऑफिसजवळच्या फिल्म क्लबात एक जुना स्पॅनिश सिनेमा दाखवणार आहेत, तोही तिकडच्या गाजलेल्या संगीत नाटकावरून काढलेला, असं कळताच मी त्यांना न्यायचं ठरवलं.

"काहून नेऊन राहिली तू त्याईले?" आई चिडली. "रायपूर राजधानी झाली म्हणून स्पॅनिश समजते का आपल्याले?"

समजत तर मलाही नव्हतं. नायिका रुसली, बोलता बोलता थांबली आणि थेट समोर बघून गाऊ लागली, अगदी आपल्या नाटकातल्यासारखी. गाणं संपलं आणि अंधारात बाबा खणखणीत ओरडले, "वन्स मोअर!"

सिनेमाला वन्स मोअर! लोक खो खो हसले. एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण मी धावले ती प्रोजेक्टरपाशी. "भैया, वही गाना फिर से लगा दो, हाथ जोड़ती हूँ." त्या भल्या माणसानं लावलं. नायिका पुन्हा गायली, तीळभरही फरक न करता. बाबांचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता.

"बाबा, म्हणा ना परत." मी त्यांचा खांदा हलवत राहिले. ते पडद्याकडे बघत राहिले. ओठ हलले नाहीत.

घरी आईला सांगितलं. "खरंच बोलले? आवाज तोच होता?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले आणि मला रडू फुटलं.

सुरांशी आईचा उभा दावा. ती जन्मात कधी गायली नव्हती. पण वर्षानुवर्षं मांडवात पहिल्या रांगेत बसून तिला सगळी पदं पाठ झाली होती. ती बाबांच्या खुर्चीसमोर उभी राहिली, पदर खोचला आणि मोठ्यानं एक पद म्हणू लागली. बेसूर, श्वासही पुरेना. पद संपलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत.

आईनं घसा खाकरला आणि तेच पद पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.