थोरलीची खिडकी

आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. एक माझं, दुसरं रफूवाल्यांचं. मधे एकच भिंत, आणि तीही अशी की तिकडे कोणी शिंकलं तर इकडे आपला हात रुमालाकडे जावा. त्यामुळे मी जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं पाहिलेलं आहे आणि निम्मं भिंतीतून आलेलं. मुद्दाम कान लावून कधी ऐकलं नाही. गरजच पडली नाही.

मी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. उभा जन्म माइकसमोर गेला. आता निवृत्त झाले, तर भेटेल तो विचारतो, एकटीला करमतं का? हजारो माणसांशी रोज बोलले मी, आणि एकानेही कधी उत्तर दिलं नाही. दिलं असेल तर शिवी दिली असेल, गाडी उशिरा आली म्हणून. तेव्हा एकटेपणाचं मला कोणी नवल सांगू नये.

रफूवाले मात्र तसे नव्हते. त्यांना एकटं राहायची सवयच नव्हती. काम त्यांचं मुक्याचं, पण शेजारी वहिनी असायच्या, त्यांच्या पत्नी. त्या बोलायच्या आणि हे खिडकीत बसून भिंगातून सुई चालवत हुंकार भरायचे. त्यांचं काम असं की दिसलं तर ते बिघडलं. कोटाला ठिणगीने भोक पडलेलं असो की शाल उंदराने कुरतडलेली असो, त्याच कपड्याच्या आत, शिवणीला जी माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेली असते, तिथले धागे उपसून ते भोक भरायचे. दुसरीकडचा धागा कधीच वापरायचे नाहीत. "रंग जुळतो हो ताई, वय जुळत नाही," असं म्हणायचे.

मूलबाळ झालं नाही. वहिनींनी त्याचं रडगाणं चारचौघांत कधी गायलं नाही. घरभर कुंड्या मांडल्या आणि एकेकीला नातं लावून टाकलं. मनीप्लांट म्हणजे आत्याबाई, कारण दुसऱ्याच्या खोलीत शिरल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. निवडुंग म्हणजे जावईबापू: हात लावताना जपायचं आणि लांबून कौतुक करायचं. लांब पात्यांचं एक झाड सारखी पिल्लं सोडायचं, ती लेकुरवाळी. आणि खिडकीत, रफूवाल्यांच्या बैठकीला लागून, थोरली. लग्नानंतर पहिलं आणलेलं झाड. रुंद हिरवी पानं, त्यांवर पांढरे ठिपके, उंची माणसाच्या कमरेएवढी. रोपवाटिकेत तिला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे. आमच्या मजल्यावर ती थोरलीच.

वहिनी इस्पितळात गेल्या तेव्हा लिफ्टपर्यंत पिशवी मीच धरली होती. साधं दुखणं, चार दिवसांत परत येऊ, असाच सगळ्यांचा हिशेब होता. लिफ्टचं दार ओढता ओढता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "दूध उतू घालवू नका. आणि थोरलीला हलवू नका खिडकीतून. मानवलीय तिला ती जागा." बस. कोणी शेवटचं बोलतं तसं ते बोलणं नव्हतंच. पण त्या परत आल्या नाहीत, आणि रफूवाल्यांच्या लेखी तेवढंच एक वाक्य उरलं.

त्यानंतर भिंतीतून एकच आवाज यायला लागला. रोज सकाळी पाणी घालताना ते थोरलीला सगळं सांगायचे. आज कोणाचा कोट आला, भाजी कशी निघाली, गुडघा काय म्हणतो. सांगून झालं की थोडं थांबायचे. ते थांबणं मला बोलण्यापेक्षा जास्त ऐकू यायचं. मी नळ सोडून भांडी घासायला घ्यायचे, घासलेलीसुद्धा.

अशात ती कार्टी आली.

लाँड्रीवाला फाटके कपडे गाठोड्यात बांधून पाठवायचा. एकदा गाठोडं सोडलं, तर एका लोकरी कोटाच्या बाहीतून मांजराचं पिल्लू बाहेर आलं. करड्या रंगाचं, कान अंगापेक्षा मोठे. रफूवाल्यांनी लाँड्रीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "आमच्याकडे कोट आले होते तेवढेच तुमच्याकडे पाठवले. मांजराची पावती नाही."

"दोन दिवस ठेवतो, मग बघू," रफूवाले मला म्हणाले. मी काय समजायचं ते समजले.

दुसऱ्या दिवशी लेकुरवाळीची दोन पिल्लं जमिनीवर लोळत होती. तिसऱ्या दिवशी आत्याबाई पडद्यावरून खाली आल्या आणि त्यांच्यासोबत पडद्याची दांडीही आली. कुंडीतली माती उकरून कार्टीने तिथे जे करायचं ते केलं. एकट्या जावईबापूंनी तिला आपला इंगा दाखवला. त्या वाटेला ती पुन्हा गेली नाही. बाकी सगळ्यांची धुळधाण. रफूवाल्यांचा चेहरा पडलेला, आणि तरी गंमत अशी, की भिंतीतून येणारा आवाज वाढला होता. "अगं ए! सोड ते! कार्टे, सोड म्हणतो ना!" दिवसभर हेच.

उपाय सगळे झाले. मातीवर गोटे पसरले. कार्टीने ते एकेक करून पलंगाखाली नेले. संत्र्याच्या सालींचा वास मांजरांना खपत नाही असं मी कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून आठवडाभर संत्री खाल्ली आणि साली दिल्या. मला सर्दी झाली, कार्टी साली उडवून खेळली. मग आत्याबाई आणि लेकुरवाळी छताला टांगल्या. ते जमलं. पण थोरली एवढी जड, तिला कुठे टांगणार? आणि तिला तर हलवायचंच नव्हतं.

"मोठं पिंप आणून झाका तिला," मी म्हटलं.

"मग उजेड कुठून मिळेल?"

"मग मांजर द्या कोणाला तरी."

त्यांनी धाग्यांची पेटी पुढ्यात ओढली. आणि मग त्यांनी ते केलं, जे जगात फक्त एक रफूवालाच करू शकतो. थोरलीच्या भोवती, खिडकीच्या चौकटीपासून जमिनीपर्यंत, त्यांनी धाग्यांची जाळी विणली. उभे धागे, आडवे धागे, प्रत्येक गाठ भिंगातून बघून. दोन दुपारी गेल्या. मला बोलावून दाखवली. खरंच सुरेख काम होतं, लांबून दिसतही नव्हतं.

"रफूवाले," मी म्हटलं, "मांजर आणि धागा?"

त्यांनी जाळीकडे पाहिलं, मग कार्टीकडे पाहिलं. ती आधीच पोट जमिनीला टेकवून, शेपटी हलवत बसली होती. धाग्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या डोक्यात ही एक गोष्ट आली नव्हती. त्यांच्या दृष्टीने धागा हा जोडायलाच असतो.

जाळी संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. खालचा धागा ओढत ओढत कार्टी आत शिरली, आणि आता तिथे चावायला थोरलीखेरीज काही नव्हतं. रफूवाले चहा करायला उठले होते तेवढ्यात तिने एक पान चावलं.

माझ्या दारावर थाप पडली ती अशी, की मी चपला न घालताच धावले. पिल्लाच्या तोंडातून लाळ गळत होती, जीभ सुजलेली, आणि ते ओरडायला तोंड उघडत होतं पण आवाज निघत नव्हता. ते आम्ही कोटात गुंडाळलं. जनावरांची डॉक्टर दोन गल्ल्या सोडून बसते. रफूवाल्यांचा गुडघा त्या दिवशी काहीच म्हणाला नाही.

डॉक्टरने तोंड धुतलं, सुई टोचली, आणि नेलेलं पान उलटसुलट करून पाहिलं. "वाचेल ही. थोडक्यात निभावलं. पण या झाडाचा चीक वाईट असतो, तोंड जाळतो. जास्त खाल्लं असतं तर श्वास अडकला असता. काका, हे झाड आणि हे पिल्लू एका घरात नको. दोघांतलं एक ठेवा."

आम्ही घरी आलो. दारात कुलूप उघडताना रफूवाले म्हणाले, "तिने सांगून ठेवलंय, ताई. हलवू नका म्हणून."

मी म्हटलं, "मला माहीत आहे. मी होते तिथे."

"तुम्ही ठेवाल पिल्लू?"

"मला शिंका येतात मांजराने," मी म्हटलं. ते खरं आहे. शिवाय मी का ठेवावं? मला कोणाची सवय लावून घ्यायची नव्हती.

कार्टी बरी झाली, खायला लागली, आणि एका सकाळी रफूवाले गाठोडं घेऊन निघाले. गाठोड्यात शिवून झालेले कोट आणि वर ती. लाँड्रीवाला दुकानात उंदरांसाठी ठेवायला कबूल झाला होता. मी दारातून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंत त्या दिवशी अशी गप्प होती की मी रेडिओ लावला, बंद केला, परत लावला.

दुपारी जिन्यात पावलं वाजली. कोट पोचवले होते. कार्टी मात्र खांद्यावर बसून त्यांच्या कानाची पाळी चघळत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

ते पायरीवरच बसले, मीही शेजारी टेकले. "जाताना मी तिला सांगत होतो, दुकान कसं आहे, मालक बरा आहे, म्हणून. मी एक बोललो की ही म्याव करायची. बोललो, की म्याव. अख्खा रस्ताभर." मग चष्मा काढला, पुसला, परत लावला. "थोरलीशी मी रोज बोलतो, ताई. तुमच्या वहिनी गेल्यापासून एक दिवस चुकवला नाही. पण ती उत्तर देत नाही हो."

मला रडू आलं. आयुष्यभराचा माइक आठवला, त्याच्यापुढची केबिनची बंद काच आठवली. मी उठले, त्यांना कुलूप काढायला लावलं आणि त्यांच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. थोरली होती तिथेच होती, चावलेल्या पानासकट.

"माझी खिडकी हिला लागूनच आहे," मी म्हटलं. "ऊन तेच. मधे एक भिंत, तेवढीच. हे काही फार हलवणं नाही."

ते थोरलीपाशी आले. मग हळूच तिच्या बुंध्यापाशी वाकून काहीतरी बोलले. काय ते मी ऐकलं नाही, ऐकलं असतं तरी सांगितलं नसतं. आम्ही दोघांनी मिळून कुंडी जुन्या चादरीवर ठेवून ओढत आणली. उंबरा ओलांडताना ते म्हणाले, "सावकाश, ताई. वरचं पान नाजूक आहे."

आता थोरली माझ्या खिडकीत आहे. जागा बदलल्यावर तिने एक पान टाकलं, मग एक नवं धरलं. रफूवाले एक दिवसाआड स्वतःच्या घरून तांब्या भरून आणतात, अंगावर मांजराचे केस घेऊन. मी शिंकते. ते पाणी घालतात, पानं पुसतात, तिला काय सांगायचं ते सांगतात, आणि तांब्या रिकामा झाला की, "बरंय ताई," म्हणून जातात. मग भिंतीतून त्यांचं बोलणं ऐकू येतं आणि मधे मधे म्याव. मी थोरलीपाशी बसून ते ऐकते. तिच्याशी बोलावंसं वाटतं, पण माझा आवाज फक्त गाड्या सांगायला शिकलेला.

परवा त्यांना ताप होता, आले नाहीत. कालही आले नाहीत. थोरलीची माती कोरडी पडली, खालचं पान लोंबलं. रात्री त्यांचा फोन आला, "ताई, तेवढं पाणी घालाल का आज तिला? तुमच्याही नळाला येतंच की."

येतं. चांगलं धो धो येतं. मी तांब्या भरला, कुंडीपाशी गेले, आणि तशीच उभी राहिले. हिला माझ्या हातचं पाणी चालतं हे एकदा त्यांना कळलं, की मग ते कशाला येतील?

मग वहिनींची आठवण काढून मी पाणी घातलं. सगळं घातलं. आणि सकाळी ते दारात आले तेव्हा म्हटलं, "नाही हो घातलं. मला नाही जमत."