डिस्क दिसेना

दसऱ्यानंतरचा रविवार होता. लालबागच्या आमच्या खोलीत मी कॉम्प्युटरपुढे बसले होते आणि बाबा खाटेवर, मांडीवर हात ठेवून. गॅलरीत वाळत घातलेल्या साड्यांतून ऊन आत यायचं, कधी निळसर, कधी अबोली, आणि भिंतीवर हळूहळू सरकायचं. असल्या उन्हात मला लहानपणापासून धड झोपही येत नाही नि धड जागही.

बाबा गिरणीत साड्यांच्या किनारी आखायचे. ग्राफच्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक धागा. गिरणी बंद झाली, कागद कुठे गेले देव जाणे. पुढे मी माझा जुना कॉम्प्युटर त्यांना दिला, तेव्हा पडद्यावरचे चौकोन रंगवत त्यांनी आठवेल तशी एकेक किनार पुन्हा उभी केली. त्यात वर्षं गेली. मग डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला. मधोमध काही दिसेना, कडेचं तेवढं दिसायचं. “जन्मभर काठ आखले, आता काठच दिसतात,” असं ते डॉक्टरांना हसत म्हणाले. मला मुळीच हसू आलं नाही.

आणि आता कॉम्प्युटर सुरू होत नव्हता. डिस्क नाही, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. सगळ्या किनारी त्या डिस्कवर होत्या, दुसरी प्रत नव्हती. ती काढून ठेवायचं काम माझं. आज करते, उद्या करते, यात मी दोन वर्षं घालवली होती.

ऑफिसातल्या मैत्रिणीने पेन ड्राइव्हवर एक ऑपरेटिंग सिस्टिम घालून दिली होती. कॉम्प्युटर त्या सिस्टिमवर चालू करायचा आणि डिस्कवरच्या फायली काढून घ्यायच्या, इतकं सोपं, म्हणाली. पुढच्या खाचेत लावला तर पेन ड्राइव्हच दिसेना. मागच्या खाचेत लावला, तेव्हा कुठे पडदा उजळला. बघते तर सगळं स्वच्छ, अनोळखी. पाहुण्यांच्या घरी उतरल्यासारखी मी हलक्या हाताने माऊस फिरवत राहिले. ड्राइव्हच्या यादीत फक्त तो पेन ड्राइव्हच होता. डिस्कचं नावही नाही.

मैत्रिणीला फोन लावला. तिच्या सांगण्यावरून कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, सेटिंगच्या पानात शिरले. डिस्कच्या नावाची जागा तिथेही रिकामी. एक सेटिंग बदललं, मग होतं तसं केलं. शेवटी ती हळूच म्हणाली की डिस्क गेली असेल, मनाची तयारी ठेव.

फोन ठेवला आणि मी तोंड सोडलं. माझा राग नाकावरच असतो, सगळ्या चाळीला ठाऊक आहे. तुम्हीच कुठेतरी नको ते दाबलं असणार, बटण न बघता बंद केलं असणार, दिसत नाही तर हात कशाला लावता, असं वाट्टेल ते बोलले. चूक माझी होती म्हणूनच आवाज एवढा चढला होता. भिंतीवरचं ऊन पार कोपऱ्यात गेलं, तेव्हा बाबा म्हणाले, “खंडेनवमीला मी तो खोलला होता.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तू आराडशीत म्हणान सांगूक नाय,” बाबा गावच्या मालवणीत म्हणाले.

गिरणीत खंडेनवमीला साचे, म्हणजे माग, आतबाहेर पुसायचे, मग पूजा. कॉम्प्युटर म्हणजे आता त्यांचा साचाच. मी कामावर गेल्यावर त्यांनी प्लग काढून, चाचपडत स्क्रू सोडवून, तो उघडला होता.

मी झाकण काढलं. आत धुळीचा कण नव्हता. डिस्कवर हळदकुंकवाची बोटं, त्यात चिकटलेल्या अक्षता, झेंडूची एक सुकलेली पाकळी. आणि शेजारी डिस्कची वायर निसटून लोंबकळत होती. मी कपाळावर हात मारला.

वायर दाबून बसवली, पुन्हा पेन ड्राइव्हवरून सुरू केला. यादीत दुसरं नाव आलं. माझा जीव भांड्यात पडला. आधी सगळ्या फायली दोन ठिकाणी उतरवून घेतल्या, मग एक किनार उघडली.

“वाच,” बाबा म्हणाले.

“लाल तीन, पांढरा एक, लाल तीन, हिरवे दोन…”

त्यांची बोटं मांडीवर माझ्याबरोबर चालायला लागली. थोड्या वेळाने ती माझ्या पुढे गेली. मी गप्प झाले तरी ते हलक्या आवाजात म्हणत राहिले, आणि पडद्यावर एकेक चौकोन तसाच होता. मला रडू आलं. ते त्यांना दिसलं नाही याचं बरं वाटलं आणि लाजही वाटली.

यंदाच्या खंडेनवमीला मी रजा घेतली. प्लग काढला, झाकण उघडलं. बाबांनी कुंकवात बोट बुडवलं आणि ते हवेतच थांबलं, कारण आता कडेचंही फारसं दिसत नाही. मी एका हाताने वायर धरली, दुसऱ्याने त्यांचं बोट धरून डिस्कवर नेलं.

“लागलं?” त्यांनी विचारलं.

“लागलं, बाबा,” मी म्हटलं, अगदी हळू आवाजात.