डॉलरबाई

भाव सांगून झाला की डॉलरबाई तोंड मिटायला लावायच्या. हसायचं नाही, पदर चाळवायचा नाही, जमिनीकडे बघायचं नाही. "भाव सांग आणि गप्प बस," हा त्यांचा पहिला धडा, आणि तेवढाच शिकायला पेणच्या त्या हॉलमधल्या बायकांना कित्येक आठवडे लागत. बाई एकेकीला समोर उभी करत आणि स्वतः खुर्चीत रेलून म्हणत, "मी आता परदेशी गिऱ्हाईक. बोल." समोरची बाई आपल्या पापडांचा किंवा मूर्तीचा भाव सांगे. बाई काहीच बोलत नसत. भुवई उंचावत, खिडकीबाहेर बघत, घसा साफ करत. तेवढ्यानंच समोरचीचा धीर सुटे. "पण तुम्हाला म्हणून कमी करू हो," ती बोलून जाई आणि सगळा हॉल हसे.

बाई हसत नसत. "मी मागितलं होतं काय कमी?" त्या विचारत. "नाय ना? मंग आपल्याच ताटातलं काढून मला कशाला वाढलंस गो? चल, पुन्हा."

डॉलरबाई हे नाव त्यांना बाजारानं दिलं होतं, आणि ते कौतुकानं दिलेलं नव्हतं. आमचा हॉल एका किराणा दुकानाच्या वर होता आणि जिन्याच्या तोंडाशी चहाची टपरी होती. बाई दिसल्या की तिथलं कुणीतरी मोठ्यानं म्हणे, "आल्या, डॉलरबाई आल्या!" दुसरी कुणी मान खाली घालून जिना चढली असती. बाई थांबत आणि तितक्याच मोठ्यानं विचारत, "व्हय, आले. सुट्टे हायत काय?" मग त्याच टपरीवर चहा सांगत, आणि चहा पांचट निघाला तर परत पाठवत.

त्या खारेपाटातल्या. वडील मिठागरावर कामाला होते. उन्हात मीठ ओढायचे ते त्यांचे वडील, गोण्या शिवायची ती त्यांची आई, आणि गोणीवर नाव असायचं ते व्यापाऱ्याचं. हे त्या रडगाण्यासारखं सांगत नसत, गुन्ह्याची फिर्याद द्यावी तसं सांगत. पुढे शिकून बंदराजवळच्या एका कचेरीत लागल्या. बाहेर जाणाऱ्या मालाचे कागद तयार करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर पेणला आल्या, आणि छोटे धंदे करणाऱ्या बायकांना स्वतःचा माल परदेशी कसा पाठवायचा ते शिकवायचा वर्ग त्यांनी हातात घेतला. आधीचे शिकवणारे पडद्यावर चित्रं दाखवून निघून जात. बाईंनी पडदा गुंडाळून कोपऱ्यात ठेवला तो पुन्हा उघडला नाही.

मी रोह्याची, खरं म्हणजे पुलापलीकडच्या अष्टमी गावची. आई पोह्याचे पापड करून विकते. वर्गात इंग्रजी पत्रं वाचायला कुणी नाही हे कळल्यावर तिनं मला सोबत आणलं आणि डॉक्टरला दुखणं सांगावं तशा आवाजात बाईंना सांगितलं, "इंग्लिश मीडियमची आहे. पण बोलत नाही."

"कुठल्या भाषेत बोलत नाय?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही," आई म्हणाली.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग बरं हाय. गप्प बसायला हिला येतंच. भाव सांगायचा तेवढा शिकवू."

माझ्या गप्प बसण्याला कुणी बरं म्हटल्याची ती पहिलीच वेळ. मी दर आठवड्याला रोह्याहून सकाळच्या गाडीनं जाऊ लागले. पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. फोन वाजला की मात्र मी पाणी प्यायला उठत असे, आणि बाई ते बघत असत.

त्यांची आणखी एक सवय होती. खोका बांधून झाला की त्या तो सरळ टेबलावरून खाली ढकलत. पेणजवळच्या जोहे गावच्या सुरेखाताई पहिल्यांदा गणपतीची मूर्ती बांधून घेऊन आल्या तेव्हा त्या किंचाळल्याच, "बाई, बाप्पा हाय त्यात!"

"आखणी झाली काय?" बाईंनी शांतपणे विचारलं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते सगळ्यात शेवटी होतं, आणि डोळे उघडेपर्यंत एरवी सुरेखाताईही मूर्तीला देव म्हणत नसत.

"नाय अजून."

"मंग अजून माती हाय. माती इथं फुटली तर परवडली. तिकडं देव फुटला तर काय करशील?" आणि खोका खाली गेला. आत सोंड तुटली होती. सुरेखाताई तोंड फिरवून निघून गेल्या. पुढच्या खेपेला त्यांनी नवा खोका आणला, टेबलावर ठेवला, बाईंकडे बघत स्वतःच ढकलला, आणि उघडायच्या आधीच म्हणाल्या, "काय नाय झालंय. बघा पायजे तर." खरंच काही झालं नव्हतं.

सुरेखाताईंचा हात मूर्तीच्या डोळ्यांवर बसलेला होता. वर्षानुवर्षं त्या एका मोठ्या कारखान्यात आखणी करत. कारखाना ज्यांचा होता त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठच्या मूर्ती परदेशी जात, खोक्यावर शेठचं नाव असे. ते काही वाईट माणूस नव्हते. कामाचे पैसे वेळेवर देत, बायकांना घरी सोडायला टेम्पो देत. पण सुरेखाताईंनी घराच्या मागच्या पडवीत गल्लीतल्या चौघींना घेऊन स्वतःचा कारखाना सुरू केला आणि स्वतःच्या नावावर माल पाठवायचं ठरवलं, तेव्हा शेठ हॉलवर आले आणि हसत म्हणाले, "बायकांनी मूर्तीचे डोळे काढावेत. कागदांत डोळे फोडायचं काम आमच्याकडे असू द्या."

"कागद वाचायला चष्मा लागतो, शेठ," बाई म्हणाल्या. "मिशी नाय लागत."

मेलबर्नच्या एका दुकानदाराची छोटी ऑर्डर आली. त्याचे आजोबा इथून गेलेले, त्याला स्वतःला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. सुरेखाताईंना निर्यातीचा स्वतःचा कोड मिळाला. खोक्यांवर त्यांचं नाव आणि खाली 'जोहे, तालुका पेण' असं छापलं. पेंढा वापरायचा नाही, कच्चं लाकूड वापरायचं नाही, फक्त कागदाच्या पट्ट्या, हे बाईंनी सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. खोके जोह्याहून निघाले तेव्हा गल्लीतल्या बायका मुलगी सासरी जावी तशा उभ्या होत्या.

आणि माल तिकडच्या बंदरात अडकला.

बंदरातून आलेलं पत्र मी वाचून दाखवलं. सोबत एक फोटो होता. उघडलेला खोका, आत मूर्ती, आणि मूर्तीच्या पायाशी पिवळे तांदूळ आणि वाळलेल्या दूर्वांची जुडी. बाईंनी फोटो मोठा करून बघितला. "ह्या अक्षता कुणी घातल्या?"

मग सुरेखाताई म्हणाल्या, "सगळ्याच खोक्यांत हायत."

आमच्याकडे गिऱ्हाईक मूर्ती न्यायला पाट घेऊन येतं. पाटावर तांदूळ ठेवतात आणि मग त्यावर मूर्ती. खोक्यात पाट कुठून येणार? म्हणून बायकांनी तांदूळच खोक्यात ठेवले होते. त्यांनी काही लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. "बाप्पाला उघड्या पुठ्ठ्यावर कसा बसवायचा, बाई?" सुरेखाताईंनी विचारलं, आणि त्या रडायला लागल्या.

मला वाटलं, बाई आता कडाडतील. त्या कपाळाला हात लावून बसल्या. "पेंढा सांगितला, लाकूड सांगितलं. अक्षता सांगायच्या माझ्या डोक्यातच नाय आल्या," त्या म्हणाल्या. "कशा येणार? मी खोका भरला असता तर मीपण घातल्या असत्या. तुम्हाला ते बाप्पाचं आसन. त्यांना ते बी, त्यातून येणारी कीड. तेपण चूक नायत गो."

आता एक तर आमच्या खर्चानं एकेक मूर्ती साफ करून घ्यायची, नाहीतर सगळा माल तिकडे नष्ट होणार. दुकानदारानं कळवलं की भाव अर्धा केला तरच तो थांबेल. सुरेखाताईंच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. स्वतः डोळे काढलेले बाप्पा परमुलखात कचऱ्यात पडलेत.

बातमी बाजारात फिरायला वेळ लागला नाही. शेठ पुन्हा जिना चढून आले. या खेपेला हसत नव्हते, आणि मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "बाई, तुमच्या नावाला आता डाग लागला. तिकडं माझा माणूस आहे, तो हा माल सोडवेल. पुढचं मात्र सगळं माझ्या नावावर जाऊ द्या."

सुरेखाताई हळूच म्हणाल्या, "बाई, देऊया काय? बाप्पा तरी वाचतील."

बाईंनी शेठकडे बघितलं आणि त्या गप्प बसल्या. भुवई नाही, घसा नाही, काही नाही. खालच्या टपरीवर पेले विसळल्याचा आवाज येत होता. शेठनी रुमाल काढला, घाम पुसला. "म्हणजे, नावाचं काय एवढं? खोक्यावर बारीक अक्षरांत तुमचंही टाकू की..."

मागच्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं. भाव सांगून घसरणारा माणूस आम्ही सगळ्यांनी ओळखला होता.

"शेठ, माल अडकलाय तो कुणाच्या नावावर?" बाईंनी विचारलं.

"तुमच्याच."

"मंग सुटेल तो पण आमच्याच नावावर." मग त्यांनी सुरेखाताईंकडे वळून विचारलं, "का गो? तुझा माल हाय. तू बोल."

सुरेखाताईंनी पदरानं नाक पुसलं. "व्हय," त्या शेठना म्हणाल्या. "आमच्याच."

शेठ गेल्यावर बाईंनी मेलबर्नच्या दुकानदाराला फोन लावला आणि तो माझ्या हातात ठेवला. पाणी प्यायला उठायची सोय नव्हती, त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "माझं इंग्रजी कागदावरचं. त्याला तोंड नाय. तू बोल."

मी बोलले. वाक्यं तयार होती. चूक आमची, साफ करायचा खर्च आमचा, आणि साफ झालेली मूर्ती पहिल्याइतकीच चांगली, म्हणून भाव तोच. एवढं सांगितलं आणि थांबले. पलीकडे तो काही बोलेना. दोन्ही भाषांत गप्प बसत आलेली मुलगी मी. शाळेत, लग्नघरात, नातेवाइकांत त्याबद्दल बोलणी खाल्लेली. त्या हॉलमध्ये सगळ्या बायका माझ्याकडे बघत असताना मला पहिल्यांदा कळलं की हे माझ्याइतकं चांगलं कुणालाच येत नाही.

"हॅलो? आर यू देअर?" त्यानं विचारलं.

"येस," मी म्हटलं, आणि पुन्हा गप्प बसले.

शेवटी तो म्हणाला, ठीक आहे, पण चतुर्थीच्या आधी माल हातात हवा. मी फोन ठेवला तेव्हा आईचं तोंड उघडंच होतं. बाई फक्त म्हणाल्या, "दुसऱ्या वेळचं 'येस' छान बोललीस." दुसऱ्या वेळी मी काहीच बोलले नव्हते.

माल सुटला, चतुर्थीच्या आधी पोचला. अक्षता आणि दूर्वा मात्र तिथल्या लोकांनी जाळून टाकल्या. हे सुरेखाताईंना सांगायला मी कचरत होते. त्या म्हणाल्या, "अग्नीलाच दिल्या ना? मंग चालेल."

पुढच्या हंगामात बाईंनी अक्षता बंद केल्या नाहीत. त्यांची जागा बदलली. प्रत्येक मूर्ती मऊ ब्रशनं झाडायची, खोका बंद करायचा, चिकटपट्टी लावायची, आणि सगळे खोके टेम्पोत चढले की बायकांनी टेम्पोवर हव्या तेवढ्या अक्षता टाकायच्या. ड्रायव्हर ओरडे, "काचेवर नको हो, वायपरमध्ये जातात!" बाई त्याला म्हणत, "गप रे, तुझंपण भलं होईल." त्यानंतर जोह्याचे खोके कुठे अडले नाहीत.

मग एके वर्षी वर्ग बंद झाला. वरून आदेश आला, कारण कळलं नाही. हॉलला कुलूप लागलं. बाईंनी कुणाच्या पाया पडण्यात वेळ घालवला नाही. तळकोकणात काजू सोलणाऱ्या बायकांनी बोलावलं होतं, तिकडे जायचं ठरवलं. बाजारातल्या मोठ्या मंडळींनी त्यांचा सत्कार ठरवला. टपरीवरचेही त्यात होते आणि शेठ अध्यक्ष होते. बाईंनी विचारलं, "सुरेखाला बसवणार काय वर, माझ्या शेजारी?" तसं काही ठरलं नव्हतं. "मंग शाल दुसऱ्या कुणाला घाला. मला उकडतं," असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

पेणच्या एसटी स्टँडवर आम्ही त्यांना सोडायला गेलो. एक ट्रंक, एक पिशवी, एवढंच सामान. जोह्याच्या बायका पदरात काहीतरी घेऊन आल्या होत्या ते मला आधी दिसलंच नाही. बाईंनी गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि सुरेखाताईंनी मूठभर अक्षता त्यांच्या डोक्यावर टाकल्या. मग सगळ्यांनीच टाकल्या. कंडक्टर ओरडत होता. केसांत, खांद्यावर, चष्म्याच्या काडीत, सगळीकडे पिवळे तांदूळ.

मी हात पुढे केला, त्यांच्या खांद्यावरचे झाडायला. वर्गातली सवय. "बाई, अडवतील तुम्हाला कुठेतरी," मी म्हटलं. मला वाटतं, त्यांच्यापुढे मी केलेला तो पहिलाच विनोद.

बाईंनी माझा हात बाजूला केला.

"अडवू दे," त्या म्हणाल्या. "माझ्याच नावावर अडवतील ना?"