गिऱ्हाइकाआधीची भाकर

नत्थूजी सोरते एका जागी बसलेले कोणी पाहिले असतील, तर न्हाव्याच्या खुर्चीतच. तिथंही न्हावी सारखं त्यांचं डोकं धरून सरळ करी. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या झणझणीत सावजी जेवणाच्या खानावळीत चार टेबलं, एक मोठी शेगडी आणि दोन माणसं: शेगडीवर नत्थूजी, भाकरीच्या तव्यावर त्यांची बायको सखूबाई.

नत्थूजींचे वडील कोष्टी. मागावर बसले, की दिवसाचं ठरलेलं कापड विणून झाल्याशिवाय जेवायला उठत नसत. माग गेला, मुलगा रस्सा शिजवायला लागला, पण वडिलांची ती रीत त्याच्या अंगात राहिली. शेवटचं गिऱ्हाईक हात धुऊन गेल्याशिवाय नत्थूजी ताटाला हात लावत नसत. तोवर चार वाजायचे. मग दिवसभराची भूक एकदम काढायची: भाताचा डोंगर, त्यावर उरलेला तेलकट रस्सा. रांधणारा आधी जेवला तर हाताची चव जाते, असं ते मनापासून मानत.

यंदा उन्हाळ्यात एक दिवस गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, रस्सा ढवळता ढवळता ते थांबले.

"तर्री आली का वं?" त्यांनी विचारलं.

सखूबाईंनी वाकून पाहिलं. रश्श्यावर तेलाची लालभडक तर्री केव्हाचीच वर आलेली होती. इतक्या वर्षांत नत्थूजींनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. दुपारी त्यांनी पदर खोचला आणि नवऱ्याला दवाखान्यात घेऊन गेल्या.

साखर निघाली, आणि बरीच जुनी. डोळ्यांवर परिणाम सुरू झाला होता. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं, तीन महिन्यांनी परत बोलावलं.

मुलगा वैभव बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं सगळं ऐकून घेतलं. "तीन महिने पाहू बाबा. साखर नाई उतरली तं खानावळ किरायानं देऊन टाकू. दिसत नाई अन् उकळत्या गंजाजवळ उभे राहता, हे मले नाई चालणार."

नत्थूजींनी उठून घासलेला गंज पुन्हा घासायला घेतला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तब्येतीचं काम हाती घेतलं, तेही शेगडीसारखंच, पूर्ण आचेवर. उजाडायच्या आत निघाले, एवढे चालले की परतताना ऑटो करावा लागला. भात सोडला, मीठ सोडलं, चहा सोडला. महागडे बूट आणले. जागच्या जागी चालायचं यंत्र हप्त्यांवर आणलं. गल्लीतल्या बंटीकडून साखर मुळापासून काढणारं म्हणून एका पावडरचे डबे आणले. पावडर आणि यंत्र यांतच घराच्या बाजाराचे पैसे संपले. घरी भाजी येईना, दूध अर्ध्यावर आलं.

यंत्र हात धुवायच्या जागेजवळ ठेवलं होतं. गिऱ्हाइकं त्यावर पिशव्या टांगत. मसाला भाजायला टाकून नत्थूजी मध्येच त्यावर चढत.

"मसाला जळून राह्यला अन् तुमी कुठी चालले?" सखूबाई ओरडत.

"कुठी नाई चाललो वं! जागच्या जागी चालून राहिलो!"

एका दुपारी, ऐन गर्दीत, त्यांना दरदरून घाम फुटला. हातातली पळी सुटली आणि ते शेगडीशेजारीच खाली बसले. सखूबाईंनी साखरेचं पाणी पाजलं, ऑटो बोलावला.

"गोळी कधी घेता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"सकाळी. जेवणाच्या आधी. तुमी सांगतलं तशीच."

"आणि जेवण?"

"चार वाजता."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. सखूबाईंनी कपाळाला हात लावला. नत्थूजी मात्र दोघींकडे आळीपाळीनं पाहत राहिले. आपलं काय चुकलं, हे त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"गोळी घेतली की लगेच जेवायचं, नाहीतर साखर एकदम खाली जाते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पावडर बंद. आणि एक करा, जे सणाच्या गर्दीतही निभेल तेवढंच ठरवा. आठ दिवसांत दमाल असं काही नको."

घरी सखूबाईंनी खर्चाची नवी घडी बसवली. पैसे आधी गोळ्यांचे, मग डाळ-भाजी-दुधाचे. बाकी सगळं त्यातून उरलं तर. यंत्र तोटा सोसून विकलं. संध्याकाळी बाजाराला जाताना स्कूटर घरी ठेवायची, म्हणजे चालणं फुकटात होतं. भात वाटीभर. चाखायचं ते तर्री आल्यावर एक चमचा, बाकी चव सखूबाई पाहणार. नत्थूजी सगळ्याला हो म्हणाले. फक्त गोळी घेऊन अकरा वाजता, खानावळ उघडायच्या आधी, जेवायला बसायचं म्हटल्यावर अडले.

"गिऱ्हाईक पाहीन तं काय म्हणन?"

"म्हणन का माणूस जेवून राह्यला. दुसरं काय म्हणन?"

पहिल्या दिवशी ते दाराकडे तोंड करून बसले. पुढ्यात भाकर, मेथीची भाजी, वरण. टेबलाखाली गुडघा हलत होता, त्यानं पेल्यातलं पाणी हिंदकळत होतं. दुसरा घास घेतला आणि दारात धोंडबा उभा. खानावळ उघडली त्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. नेमका आजच लवकर आला.

"वा गा नत्थू! आता मालकाची पंगत आधी काय?"

नत्थूजी अर्धे उठले. तव्याशी बसल्या जागेवरून सखूबाईंनी नुसतं पाहिलं. ते पुन्हा बसले. घास पाण्यानं उतरवला.

"थांब गा," ते म्हणाले. "जेवून राहिलो."

धोंडबा समोरच बसला आणि त्यांच्या ताटातली भाकर संपेपर्यंत बोटांनी टेबल वाजवत राहिला.

मग नत्थूजींनी त्याला पाटोडीचा, बेसनाच्या वड्यांचा, रस्सा वाढला आणि कोरडंच टेबल पुसत तिथंच घुटमळले. धोंडबा मान खाली घालून जेवत होता. शेवटी नत्थूजींना राहवेना.

"चव गेली का?"

"कशाची?"

"रश्श्याची!"

"नाक वाहून राह्यलं माहं, अन् हा चव विचारते. रस्सा आण अजून."

तीन महिन्यांनी साखर उतरली. डॉक्टरबाईंना हवी होती तेवढी नाही, पण नजर सध्या टिकेल, असं त्या म्हणाल्या. वैभवनं तपासणीचा कागद वाचला. "ठीक आहे बाबा. आता अजून तीन महिने पाहू."

"म्हणजे दर तीन महिन्यानं माही परीक्षा घेशीन का बे?" नत्थूजी उसळले आणि तो काही म्हणायच्या आत चपला घालून बाजाराला निघालेही. सखूबाईंनी पिशवी घेऊन गल्लीच्या टोकाशी त्यांना गाठलं, तेव्हा त्या चांगल्याच धापा टाकत होत्या.